खुंटीवरची नान

उरिकझारचा थांबा तो केवढा! एक फलाट, चार जर्दाळूची झाडं आणि फाटकवाल्या होसियतची खोली. पण तिनं तो असा राखला होता, की ताश्कंदहून येणारी माणसं सिगारेटची थोटकं खिशात घालून उतरायची. गाडीआधी फलाट झाडून पाणी मारलेलं, डोक्याचा रुमाल इस्त्रीचा, गुंडाळलेला पिवळा झेंडा हातात. शिवाय गाडी फलाटावर असेतो खोलीचं दार उघडं ठेवायचं, हा तिचा नेम. कुणाला पाणी लागेल, कुणाला पोर घेऊन घटकाभर टेकायचं असेल.

खोलीत खुंटीला फडक्यात बांधलेली एक नान होती, एक घास खाल्लेली. होसियतचा एकुलता एक मुलगा संजर बांधकामाच्या कामाला रशियात निघाला, तेव्हा त्यानं ती इथेच चावली होती. निघणाऱ्यानं एक घास खायचा, उरलेली परत येऊन संपवायची. नान वाट बघत असली की माणूस येतोच, असं तिकडे सगळेच मानतात. लहानपणी याच फलाटावर आपटून संजरचा पुढचा दात अर्धा तुटला होता, त्यामुळे घासाच्या कडेला मधोमध एक उंचवटा राहिला होता. हिवाळ्यापासून त्याचा फोन बंद होता. काम चालू असलं की होसियत बरी असायची. खुंटीकडे नजर गेली की पुन्हा त्याचा नंबर लावून बघायची.

वसंतात थांबा रद्द झाला. गाड्या आता न थांबता जाणार होत्या. होसियत फाटकापुरती राहिली.

पहिल्याच संध्याकाळी गाडी आली आणि थांबली. अगदी अलगद, एक डबा बरोबर खोलीच्या दारासमोर. दारं उघडली. कुणी उतरलं नाही. दारं मिटली.

“आपा, शपथेवर सांगतो, मी ब्रेकला हातसुद्धा लावला नाही,” चालक एर्गश खिडकीतून म्हणाला.

“मग काय गाडीनं लावला?”

“हिला तुमच्या फलाटाची सवय लागलीय. माझ्या बायकोला माझी एवढी नाही.” तो हसला खरा, पण मान पुसत राहिला.

गाडी तपासली. काही बिघाड नव्हता. दुसऱ्या दिवशी चालक बदलला, तरी गाडी तिथेच थांबली. होसियतला त्या गाडीचं भारी कौतुक वाटलं. साहेबलोक थांबा विसरले, पण ही बया विसरली नाही.

गाडी गेल्यावर तिनं सहज फडकं सोडलं. नानला दुसरा घास पडला होता. उंदीर म्हणावा, तर कडेला मधोमध तोच उंचवटा. नान वाळून दगड झाली होती. घासाची कड मात्र मऊ होती.

होसियत खाली बसून पोटभर रडली, आनंदानं. कुणाला काही बोलली नाही. मग रोज संध्याकाळी गाडी थांबे आणि रोज एक घास कमी होई. जिवंत माणूस असा येतो का, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. दाराशी चहाचा पियाला मात्र ठेवू लागली.

शेवटी एवढासा तुकडा उरला.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीच्या थोडं आधी रस्त्यानं एक मोटार आली आणि संजर उतरून खोलीत आला. होसियतनं त्याला कवटाळलं. बाहेर ऊन होतं, पण त्याचा कोट गार होता.

“फोन चोरीला गेला होता, आई. रडतेस काय अशी?” म्हणून तो हसला.

पुढचा दात अख्खा होता.

“दात कधी बसवलास रे?”

“कुठला दात?”

त्याचं लक्ष खुंटीकडे होतं.

“माझी नान दे ना. संपवून टाकतो.”

त्याचा हात पोचण्याआधी होसियतनं फडकं काढून छातीशी धरलं. बाहेर संध्याकाळची गाडी थांबली. दारं उघडली.

आज पहिल्यांदाच फलाटावर पावलं वाजली.

संजर जागचा हलला नाही. “आई,” तो हळूच म्हणाला, “दार लावून घे.”

गाडी फलाटावर असताना होसियतनं ते दार आजवर कधी लावलं नव्हतं.