डाव्या कानाची नोंद

नूरुद्दीन पेंटरने तिनं काढलेलं पहिलं डोकं हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, आणि शेजारच्या चहावाल्याला दाखवलं.

"सांग बे पत्रू, हा माणूस आहे का वांगं?"

"वांग्याले डोळे नसतात ना, चाचा," पत्रू म्हणाला.

यशोधरा रामटेके हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं : डोळे फार वर गेले.

ती अठ्ठावीस वर्षांची होती. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. दिवसभर बॉयलरच्या पाण्याचे नमुने, त्यांचे आकडे आणि आकड्यांखाली सही. १९८६च्या जूनपासून दर शनिवारी ड्यूटी संपली की ती कॉलनीची बस धरून चंद्रपूरला यायची आणि जटपुरा गेटजवळच्या त्या दुकानात, रंगाच्या डब्यांमध्ये स्टुलावर बसून डोकी काढायची.

"खोपडी म्हंजे अंडं," नूरुद्दीन शिकवायचा. "अंड्याच्या मधातून एक उभी रेघ, एक आडवी. डोळे आडव्या रेघेवर. अर्धं डोकं डोळ्याच्या वर असते, बाई, कोणाले खरं वाटत नाई. नवीन माणूस तोंडाच्या मागं लागते आणि खोपडी इसरते."

तिनं मोजून पाहिलं. स्वतःचं, आईचं, प्रयोगशाळेतल्या दोघांचं. खरंच अर्धं होतं.

नूरुद्दीन दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागचे देखावे काढायचा आणि गेलेल्या माणसांची चित्रं करायचा. चित्रासाठी लोक एखादा लहानसा फोटो आणून देत. फोटो नसला तर तो काम घेत नसे. नुसत्या सांगण्यावरून काढाल का, असं यशोधराने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मी नाई काढत. तुले शिकवतो, तू काढ. पण तोंडापासून सुरू करशील. पाठीकडून नाई."

"का?"

"माह्या उस्तादनं सांगितलं म्हून. काऊन ते मी नाई इचारलं."

चित्र हवं होतं ते तिच्या वडिलांचं. ती तीन वर्षांची असताना देवाजी रामटेके पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावातून बांबू तोडायला जंगलात गेले, ते परत आले नाहीत. पाच दिवस माणसं शोधत होती. वाघानं नेलं असं सगळे म्हणाले. पण वाघ मागे काहीतरी ठेवतो. इथे कुऱ्हाडसुद्धा सापडली नाही. फोटो तर कधी काढलाच नव्हता.

आणि आता आईची, बायनाबाईची, नजर चालली होती. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. बायनाबाईला आता नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसायचं. परतीच्या एस.टी.त ती वरोऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. मग म्हणाली, "यशू, डोळे जायच्या आधी एकडाव तुह्या बापाचं तोंड पाह्यचं आहे मले."

महिनाभरात यशोधराने अकरा चेहरे काढले. आई सांगायची, ती काढायची. प्रत्येक कागद बायनाबाई नाकाशी धरायची, अरुंद नजर कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायची आणि परत द्यायची.

"हा तो नाई."

"मग कसा होता? नाक कसं होतं?"

"तोंड आठवतच नाई व मले." बायनाबाई सुपातले तांदूळ चिवडू लागली. "पाठ आठवते. निघाला होता. चुन्याची डबी चुलीपाशी इसरला. जंगलात निघाल्या माणसाले मागून हाक मारू नये, ठाऊक होतं मले. तरी मारली. थांबला तो. पण पलटला नाई. उलसाक उभा राह्यला आन् गेला."

म्हणून वीस जुलैला, रविवारी, यशोधराने पाठमोरं डोकं काढलं. नूरुद्दीनचं सांगणं तिला आठवत होतं, पण त्याला कारण नव्हतं, आणि कारण नसलेल्या नियमाला ती मानत नसे. मागचे दाट केस, मानेवरची खाच, दोन्ही बाजूंना कानांच्या कडा. डाव्या कानाचा वरचा काठ मुडपलेला होता, असं आईनं सांगितलं. तो तिनं मुडपला.

"हाच," बायनाबाई म्हणाली. "हाच तो."

कागद बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली टाचण्यांनी लावला.

एक ऑगस्टला सकाळी खिडकीच्या कठड्यावरची कोळशाची राख पुसताना तिला डावा कान खटकला. तो डोक्याच्या कडेवर नव्हता. आत सरकला होता. तिनं कंपासपेटीतलं डिव्हायडर लावून मोजलं. कडेपासून अकरा मिलिमीटर.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, ताणला जातो. तिनं त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून बाह्यरेषा उतरवून घेतली आणि चित्र प्रयोगशाळेत नेऊन दमट हवा न लागणाऱ्या काचेच्या भांड्यात, गुंडाळी करून, कुलपात ठेवलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. दोन दिवसांनी काढलं. ट्रेसिंग वर ठेवलं तर रेषा जुळेनात. कान आणखी आत आला होता. खोडल्याची खूण नव्हती, कागदाचा पोत कुठे विस्कटलेला नव्हता. शिसपेन्सिलच्या रेषा तिच्याच हातच्या होत्या, तोच दाब, तेच तिरपे फटकारे.

तिला याचा अर्थ लागला नाही. पण अर्थ लागत नाही म्हणून नोंद टाळायची, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं वहीत रकाने आखले. तारीख. डाव्या कानाचं अंतर. त्यावरून निघणारा कोन. कोन दिवसाला साधारण दोन अंशांनी वाढत होता.

ऑगस्टच्या मध्यावर गालाचं हाड दिसू लागलं. त्या दिवशी तिनं आईला सांगितलं.

बायनाबाईला नवल वाटलं नाही. "पलटून राह्यला," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं लागली हाक पोचायले."

इकडे नूरुद्दीनने नवा धडा दिला होता. जिवंत माणूस समोर बसवून काढायचं. "तुही आई आहे ना घरी? तिले काढ. समोरून. दर रविवारी एक. त्याच जागेवर, त्याच उजेडात." यशोधरा आईला खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवायची. बायनाबाई चांगलं बसायची, हलायची नाही. वीजकेंद्राच्या दवाखान्याच्या कार्डासाठी मागच्या वर्षी फोटो काढला तेव्हाही ती अशीच ताठ बसली होती : फ्लॅशला घाबरून डोळे वटारलेले, दोन्ही कान सारखे दिसणारे.

पहिला कागद पाहून नूरुद्दीन म्हणाला, "उभी रेघ मधात नाई आली. सरकली."

दुसऱ्याला म्हणाला, "आणखी सरकली. चष्मा लागला का तुले?"

नवशिक्याचा हात वळतो, हे तिला माहीत होतं. तिनं घरी ओळंबा लावला. खिळ्याला दोरा, दोऱ्याला वजन, दोरा आईच्या नाकाच्या रेषेत. तरीही रेघ सरकलीच.

सहा सप्टेंबरला नूरुद्दीनने नवा कागद पाहिला आणि हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "समोरून म्हटलं होतं ना मी? हे बाजूचं काढून आणलं तू. एकच डोळा आहे याच्यात."

"समोरच बसली होती ती. माझ्याकडेच पाहत होती."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही डोळ्यांनी."

पत्रूनं आणलेला चहा तसाच राहिला.

घरी येऊन तिनं आईचे सगळे कागद जमिनीवर ओळीनं मांडले आणि डिव्हायडर घेतला. मग वहीतला जुना तक्ता उघडला. एकतीस ऑगस्टला वडिलांचं डोकं चौऱ्याऐंशी अंश आपल्याकडे वळलं होतं. त्याच दिवशी काढलेला आईचा चेहरा चौऱ्याऐंशी अंश पलीकडे वळला होता. त्याआधीच्या रविवारी सत्तर आणि सत्तर. त्याआधी छप्पन्न आणि छप्पन्न. सगळ्या ओळी जुळल्या.

तिनं आकडे पुन्हा तपासले. नंतर कागद गोळा केले, पालथे घालून पेटीत टाकले आणि ठरवलं की आईला आता काढायचं नाही.

पुढच्या शनिवारी ती ट्रेसिंगची चळत घेऊन दुकानात गेली. नूरुद्दीनने लांबूनच पाहिलं. हात लावला नाही.

"पाठीकडून सुरू केलं तू."

"हो."

"फाडून टाक, बाई."

"त्यानं थांबेल?"

"मले काय ठाऊक? पण फाडून टाक."

ती घरी आली, टाचण्या काढल्या, कागद दोन्ही हातांत धरला. आता पूर्ण बाजूचा चेहरा दिसत होता. नाक सरळ होतं, ओठ मिटलेले. ते तिनं काढलेले नव्हते. मागून बायनाबाईनं तिचं मनगट पकडलं. एवढी ताकद त्या हातात आहे हे यशोधराला माहीत नव्हतं.

"फाडू नको."

"आई, तुला काही होईल."

"मले काय व्हायचं आहे आता? आंधळी होऊन भिताडाकडं पाहत बसन, हेच ना? मले पाह्यचं आहे, यशू. कधी पलटते पुरा?"

तिनं हिशोब आधीच केला होता. "सोळा ऑक्टोबरच्या आसपास."

बायनाबाईनं मनगट सोडलं. "छप्पनच्या सोळाले आमी इथंच, चांद्याले आलो होतो, धम्मदीक्षेले. पांढरे कपडे घालून. एवढी गर्दी. मी हरपली असं मले वाटलं, तर तो समोरून आला." ती थोडी हसली. "त्या दिवशी पाह्यलं होतं त्यानं मह्याकडं."

यशोधराने कागद पुन्हा भिंतीवर लावला.

नंतरचा महिना ती आईकडेच पाहत राहिली. जेवताना, वेणी घालताना, डोळ्यांत औषध टाकताना. आई समोर असायची. पूर्ण समोर, दोन्ही कान सारखे. पेटी तिनं उघडली नाही.

सोळा ऑक्टोबरला सकाळी चेहरा सरळ होता.

तिनं मोजलं. डोक्याच्या माथ्यापासून डोळ्यांपर्यंत एकशे बारा मिलिमीटर. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत एकशे बारा. उभी रेघ नेमकी मधोमध. नजर तिच्याकडे नव्हती. ती खिडकीसमोरच्या रिकाम्या स्टुलावर होती.

बायनाबाई पांढरं लुगडं नेसून आली. कागदाशी वीतभर अंतरावर उभी राहिली. तिची अरुंद नजर कपाळावरून खाली उतरली, डाव्या कानाच्या मुडपलेल्या काठावर थांबली, मग डोळ्यांवर.

"हाव," ती म्हणाली. "असाच होता. किती जवान होता व."

रडली नाही. पदर सारखा केला. "केसरबाईसंग जातो मी दीक्षाभूमीले. तू ये मागून." शेजारच्या केसरबाईंची मंडळी कोपऱ्यावर ट्रकपाशी जमली होती. त्यांचा गलका इथवर ऐकू येत होता.

यशोधरा बाटलीत पाणी भरायला आत गेली. बाहेर आली तेव्हा आई फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली होती. काठी दाराशीच होती.

काठीशिवाय ती तीन महिन्यांत अंगणातही गेली नव्हती. आता ती रस्त्याच्या मधून, खड्डे चुकवत, दिसणाऱ्या माणसासारखी चालली होती.

"आई!"

तोंडातून निघून गेलं.

बायनाबाई थांबली. पिकलेल्या केसांचा अंबाडा. मानेवरची खाच. दोन्ही बाजूंना कानांच्या कडा.

यशोधराने मोजलं. आठ सेकंद.

बायनाबाई वळली नाही. चालू लागली आणि कोपऱ्यावरच्या चिंचेआड, ट्रकच्या दिशेनं गेली.

संध्याकाळी केसरबाई फाटकातूनच ओरडली, "अवं यशू, बायनाबाई काऊन नाई आली? आमी किती वाट पाह्यली!"

चार दिवस माणसं शोधत होती. कॉलनी, स्टेशन, दवाखाने, पोंभुर्ण्याकडचं गाव. यशोधराने रोज सकाळी भिंतीवरचं चित्र मोजलं. कान सरकत नव्हता.

पाचव्या दिवशी ती चौकीत गेली. हवालदार मध्यमवयीन होता, हळू बोलणारा. त्यानं नाव, वय, नेसूचं लुगडं लिहून घेतलं. नजर कमी आहे हेही लिहिलं. मग फोटो मागितला.

तिनं पर्समधून वीजकेंद्राच्या दवाखान्याचं कार्ड काढून दिलं. आत चिकटवलेला फोटो होता, त्यावर अर्धा शिक्का. तोच, फ्लॅशचा.

हवालदारानं कार्ड उघडलं. पाहिलं. उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. मग अवघडल्यासारखं तिच्याकडे बघत हळूच म्हणाला,

"मॅडम, समोरून काढलेला नाई का एखादा?"