गल्लीपलीकडचा प्रेक्षक

“लांबचं नेमकं काय दिसत नाही?” तिनं सवयीनं विचारलं.

“मासे,” तो म्हणाला.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम ती बरीच वर्षं करत होती. कुणाला बसची पाटी दिसत नसे, कुणाला फळ्यावरचं गणित. माशांची तक्रार घेऊन मात्र आजवर कुणी आलं नव्हतं. तिनं तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर बसवली आणि हसू दाबत विचारलं, “कुठले मासे?”

“टीव्हीवरचे. चांगले अवाढव्य असतात, पण मला नुसता निळा उजेड दिसतो.”

“टीव्ही किती लांब आहे?”

तो घुटमळला. “गल्लीपलीकडे.”

“म्हणजे?”

“म्हणजे... टीव्ही माझा नाही. समोरच्यांचा आहे. मी नुकताच तिथं राहायला आलोय. माझ्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसते, एक आजी खुर्चीत बसलेल्या असतात. जेवताना तेवढीच सोबत. फक्त आवाज येत नाही.”

“आवाज घरातसुद्धा नसतो,” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“तुम्हाला कसं माहीत?”

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. “कारण त्या आजी म्हणजे माझी आत्या. तिला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज बंदच असतो. आणि तिला आजी म्हटल्याचं कळलं ना, तर तुमची धडगत नाही!”

त्याचे कान लाल झाले. “माफ करा, मी... मी जातो...” तो उठलाच.

“बसा! अजून एकाच डोळ्याचा नंबर काढलाय.”

तो दारावरच्या पाट्या आणि स्पर्धांच्या चषकांवरची नावं कोरायचा. हातभर अंतरावरची केसाएवढी रेघ त्याला दिसे. त्यापलीकडचं जग सगळ्यांनाच पुसट दिसतं, असं तो या माशांपर्यंत धरून चालला होता. हे ऐकून तिला हसू आलं, आणि का कोण जाणे, जरा भरूनही आलं.

त्याच संध्याकाळी टीव्हीच्या कंपनीचा निरोप आला. सगळ्यात महागडं पॅक आणखी महाग झालं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ती आत्याच्या कानाशी वाकली.

“आत्या, हे बंद करूया का? बातम्या, गाणी सगळं साध्या पॅकमध्येही आहे. समुद्राचं चॅनल तेवढं जाईल.”

“नको.”

“अगं, तू तर पाच मिनिटांत घोरायला लागतेस!”

“मी कुठे बघते? तो पलीकडचा बघतो,” आत्या ठणठणीत आवाजात म्हणाली. “एकटा जेवतो बिचारा. म्हणून तर टीव्ही खिडकीकडे वळवलाय.”

पैसे आपल्या पगारातून भरायचे आणि बघायचं कुण्या परक्यानं! खरं तर तिला राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या संध्याकाळपासून तीही पुस्तक घेऊन आत्याशेजारी बसायला लागली, केस मोकळे सोडून. कशासाठी, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

चष्मा तयार झाला. दुकानाच्या दारात उभं राहून त्यानं तो डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या झाडाकडे बोट केलं.

“काय झालं?”

“झाडाची पानं... वेगवेगळी दिसतायत.”

“असतातच ती वेगवेगळी.”

“मला हे कुणी सांगितलंच नव्हतं!” तो श्वास रोखून बघत होता. समोरच्या तारा, तारेवरचा पक्षी, पलीकडच्या गच्चीत वाळणाऱ्या चादरीवरची बारीक फुलं... इतकं सगळं रोज इथेच होतं? त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता तिलाही तो रस्ता नवा वाटायला लागला. मग त्याची नजर फिरत फिरत तिच्यापाशी आली आणि थांबली.

“नंबर जास्त वाटतोय का?” तिनं विचारलं. आवाज उगाचच बारीक निघाला.

“नाही,” तो हळूच म्हणाला. “बरोबर आहे... फारच बरोबर आहे.”

त्या संध्याकाळी तो समोर आपल्या खिडकीत दिसला, पण पुढच्या संध्याकाळी तिथं पडदा होता. त्यानंतरच्या दिवशीही. तिसऱ्याही.

स्पष्ट दिसायला लागल्याबरोबर पडदा! म्हणजे आपण पुसट होतो तेच बरं होतं तर. तिनं तडकाफडकी कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीनं सवलत देऊ केली, वर चार चॅनल फुकट देऊ केले.

“बंद करण्याचं कारण काय लिहू, मॅडम?”

“बघणारं कुणी नाही,” ती म्हणाली. रविवारी संध्याकाळी सगळं बंद होणार, असं ठरलं. आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि टीव्ही खिडकीकडेच राहू दिला.

शनिवारी तो दुकानात हजर!

“काय तक्रार आहे?” तिनं कोरडेपणानं विचारलं.

“तक्रार नाही. सांगायचं होतं... तो पडदा.” त्यानं चष्मा काढून हातात धरला. बहुधा तिच्याकडे बघत बोलायची हिंमत नसावी. “आधी उजेडात कुणीतरी हलायचं, एवढंच कळायचं. आता तुमच्या हातातलं पुस्तक दिसतं. हसताना तुम्ही तोंडावर हात धरता, ते दिसतं. मासा राहतो बाजूला... आणि मी तुमच्याकडेच बघत बसतो. असं न विचारता बघणं बरं नव्हे. म्हणून लावला.”

आजवर किती जणांना तिनं नजर मिळवून दिली होती! कुणी सिनेमाला धावलं, कुणी आरशापुढे. मिळालेली नजर दुसऱ्याच्या मानासाठी झाकून ठेवणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. अशी माणसं असतात? आणि असलीच तर ती आपल्या गल्लीत राहायला येतात?

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तुम्ही बघता ते. मी काय उगाच बसत होते तिथं?”

त्यानं घाईघाईनं चष्मा चढवला. तिला एकदम हसू फुटलं, पाठोपाठ आठवण झाली. “पण मी पॅक बंद करून टाकलंय. उद्या संध्याकाळपर्यंतच आहे.”

“माझ्यामुळे?”

“महाग होतं हो, खरंच. उद्या या तुम्ही. गल्ली ओलांडून, दारातून.”

रविवारी तो आला. आत्यानं त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. त्या घरात पहिल्यांदाच आवाज वाढवला गेला. आणि समुद्राच्या तळातून एक सूर आला, खोल, लांबलचक, कपाटातल्या काचा थरथरवणारा. आत्यानं टेबलावर तळहात टेकला. तिचे डोळे विस्फारले.

“अगं, हाताला ऐकू येतंय!”

पडद्यावर देवमाशाची मादी होती. नुकतंच जन्मलेलं पिल्लू तिच्या पाठीवर टेकलं होतं आणि ती त्याला वर ढकलत होती, पहिल्या श्वासासाठी. एवढं प्रचंड शरीर आणि इतकं हलकं ढकलणं! तिघंही आपापला श्वास विसरले. पाणी उजळत गेलं, पिल्लाचं डोकं वर सरकलं, आता पृष्ठभाग हातभरच राहिला...

पडदा काळा झाला. ‘आपली सेवा बंद करण्यात आली आहे.’

अंधारलेल्या खोलीत कुणी हललं नाही.

“पोहोचलं असेल ना वर?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“असेल. आई होती ना बरोबर.”

“बंद पडला का?” आत्याचा आवाज घुमला. “बरं झालं. आता तुम्ही दोघं तरी बोला. निवांत बोला, मला काही ऐकू येत नाही!”

अंधारात तो हसल्याचं तिला कळलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

“मला उद्याही यायचंय,” तो म्हणाला. “परवाही. इथे बघायला आता काही नसलं तरी... म्हणजे, तसं नाही... मला तुम्ही आवडता. फार.”

तिचं उत्तर ओठांवर तयार होतं. पण आधी तिनं उठून दिवा लावला, म्हणजे ती ते देताना त्याला नीट दिसेल.