धोंडू नावाचा सेट

हे मी कुठे ऐकलेलं नाही. माझ्याच हातून घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पदरचं एक वाक्यही घातलेलं नाही.

१४ मे २०२३. रविवार. भर दुपार.

बोरिवली पूर्वेला देवीपाड्याजवळ आमची जुनी सोसायटी आहे. म्हणजे होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत हे झालं.

मी हर्षद. मुलुंडला राहतो, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भुताखेतांवर माझा तेव्हा काडीचाही विश्वास नव्हता. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं आणि ते सापडतंच, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या सकाळी सौरभदादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ. चार वर्षांत आम्ही जेमतेम दोनदा बोललो होतो.

२०१९ मध्ये बाबा गेले तेव्हा मी मस्कतला नोकरीला होतो. ते आजारी आहेत हे मला कुणी कळवलंच नाही. सगळं आटोपल्यावर दादाचा फोन आला. मी रडत रडत एकच विचारलं, "माझी आठवण काढली का रे त्यांनी?"

"नाही रे. झोपेतच गेले. कुणाचंच नाव घेतलं नाही."

हे वाक्य मी चार वर्षं उराशी घेऊन फिरलो. परत आल्यावर नातेवाईकही माझ्याशी तुटक वागायला लागले होते. का, ते कळत नव्हतं.

म्हणून दादाचा फोन आला तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, चला, भावाला भाऊ आठवला.

"बिल्डिंग पाडतायत रे. बाबांचा कॉम्प्युटर प्रांजलला द्यायचाय," दादा म्हणाला. प्रांजल त्याची मुलगी. "पण त्या दोन डिस्क काही कोऱ्या होईनात. तूच लावलेलं झेंगट आहे ते, तूच येऊन काढ."

ते खरं होतं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा भजनीबुवा झाले. त्यांची भजनं, गाऱ्हाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला मीच त्यांना शिकवलं होतं. एक डिस्क गेली तर सगळं जाईल, म्हणून मी दोन डिस्कची जोडी लावून दिली. एकीवर लिहिलं की तेच आपोआप दुसरीवरही लिहिलं जायचं. आमच्या भाषेत याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. अशा जोडीला, म्हणजे सेटला, नाव द्यावं लागतं. मी बाबांचंच दिलं होतं.

धोंडू.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते मालवणी माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. देवापुढे एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबा आम्हाला बजावायचे, "व्हय म्हणणारो साक्षीदार आसता. उगाच म्हणा नको."

मी दीड वाजता पोचलो. अख्खी बिल्डिंग रिकामी. शेजारचे सगळे गेलेले. खोलीत फक्त टेबल, कॉम्प्युटर आणि एक स्टूल. बाबांचा फोटोही भिंतीवर नव्हता... नुसता चौकोनी डाग होता.

"बॅकअप घेतलास?" मी विचारलं.

"घेतलाय रे."

"नक्की?" आमच्या कामात दोनदा विचारायची पद्धत आहे.

"सगळी भजनं पेन ड्राइव्हवर आहेत. तू उघडून बघत बसू नकोस हां, सरळ साफ कर. मी खाली टेम्पोवाल्याकडे आहे."

मी गिऱ्हाइकाच्या फायली उघडून बघत नाही. ती माझी शिस्त आहे. इथेही बघितल्या नाहीत. चूक तिथेच झाली.

मी सेट डिलीट केला. मशीन पुन्हा सुरू केलं.

स्क्रीनवर आलं... सेट: धोंडू. डिस्क: दोन. स्थिती: ठीक.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सेटची खूण डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात लिहिलेली असते. ती राहिली की सेट परत उगवतो. मी दोन्ही डिस्कवरची ती खूण पुसली.

पुन्हा सुरू केलं.

धोंडू. दोन. ठीक.

आता मात्र मी इरेला पेटलो. दुसरी डिस्क सरळ काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. माझ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि पहिली डिस्क अथपासून इतिपर्यंत पुसायला लावली. दीड तास लागला. मी स्टुलावर बसून होतो. बाहेर एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

काम शंभर टक्के झालं. डिस्क कोरी.

मशीन सुरू केलं...

धोंडू.

डिस्क: दोन.

मी स्क्रीनकडे बघितलं. मग टेबलाकडे. दुसरी डिस्क तिथेच होती. तिला ना वायर, ना केबल.

आणि खालचं वर्तमानपत्र थरथरत होतं.

मी डिस्कवर हात ठेवला. ती गरम होती. आत काहीतरी फिरत होतं. टिक... टिक टिक... टिक... टिक टिक. बाबांच्या भजनात टाळ धरायचे, अगदी त्या ठेक्यात.

उठून पळावंसं वाटलं. पण बाबांचा ठेका ऐकून कुठला मुलगा पळेल?

मी शिस्त मोडली. सेट उघडला.

आत एकच फोल्डर होतं. त्यावर माझं नाव होतं. हर्षद.

अकरा रेकॉर्डिंग. बाबा गेले त्याच्या आधीच्या अकरा दिवसांची, रोज एक.

मी हेडफोन लावला आणि शेवटचं चालू केलं.

आधी नुसता श्वास... मग बाबांचा आवाज. खोल गेलेला.

"बा देवा म्हाराजा... माझो धाकटो झील भायर देशात आसा. थोरल्यान तेका निरोप दिल्यान हा, तरी तो येवक नाय. तेका कसली अडचण आसात तर ती दूर कर... आणि माझो जीव जावच्या आदी तेका माझ्या दाराक हाडून सोड, म्हाराजा..."

आणि शेजारून उत्तर आलं.

"व्हय म्हाराजा."

तो आवाज दादाचा होता.

मी दुसरं ऐकलं. तिसरं ऐकलं. रोज तेच गाऱ्हाणं, धाकट्या मुलाला माझ्या दाराशी आणून सोड म्हणून, आणि रोज तोच व्हय. बाबांनी माझं नाव घेतलं नाही म्हणे! अकरा दिवस तो माणूस माझी वाट बघत होता, आणि ज्यानं मला निरोपच दिला नाही तो त्याच्या उशाशी बसून व्हय म्हणत होता. मला इतकं रडू आलं की हेडफोन काढायचंही भान राहिलं नाही.

"झालं का रे?"

दारात दादा उभा होता.

"दादा, तू मला निरोप दिला होतास?"

त्यानं स्क्रीनकडे बघितलं. त्याचा चेहराच उतरला.

"अजून आहेत?" तो म्हणाला. "सहा वेळा डिलीट केली रे मी. परत येतात."

"म्हणून मला बोलावलंस? माझ्याच हातानं पुसायला?"

"बाबा खोली दोघांच्या नावावर करायला निघाले होते. तू आला असतास तर..."

"आणि नातेवाइकांना काय सांगितलंस? की हर्षदला कळवलं, तोच आला नाही?"

त्यानं भिंतीवरच्या त्या चौकोनी डागाकडे बघितलं. मला उत्तर मिळालं.

मी दोन्ही डिस्क पिशवीत टाकल्या आणि जिना उतरलो.

त्याच संध्याकाळी मुलुंडला घरी येऊन डिस्क जोडल्या. मला फक्त बाबांचा आवाज पुन्हा ऐकायचा होता.

फोल्डरमध्ये आता बारा रेकॉर्डिंग होती.

बाराव्यावर तारीख होती, १४ मे २०२३. वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी तो जिना उतरत होतो आणि डिस्क माझ्या पिशवीत होत्या.

"बा देवा म्हाराजा..." बाबाच होते. "जेच्या तोंडातसून खोटो व्हय इलो, तेच्यार परत व्हय म्हणूची पाळी येव नये, म्हाराजा..."

मग खूप वेळ काहीच नाही...

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज दादाचा नव्हता.

माझा होता.

तीन आठवड्यांनी जान्हवी वहिनींचा फोन आला. "हर्षद भावजी, ह्यांचा आवाज गेलाय हो. घशात काहीच नाही म्हणतात डॉक्टर. नुसती मान हलवतात."

आज इतके दिवस झाले, दादाचा आवाज आलेला नाही. डिस्क माझ्या कपाटात आहेत. बारावं रेकॉर्डिंग मी एकदा एकटंच डिलीट करून बघितलं. ते परत आलं. दोन्ही डिस्कच हातोड्यानं फोडल्या तर कदाचित दादा बोलेलही. पण मग बाबांनी मला मारलेल्या त्या अकरा हाकाही जातील. त्या मला चार वर्षांनी मिळाल्यात.

मी वहिनींना काही सांगितलेलं नाही. त्यांचा नंबर दिसला की हल्ली फोन उचलायलाही हात धजत नाही.

त्या दिवशी जिना उतरताना मी तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. हे शपथेवर सांगतो.

मनात काय म्हणालो होतो, ते मात्र मला खरंच आठवत नाही.