टॉटरडाउनची निळी सुरई

"पोलिसांना नंतर बोलवा. आधी हिची बॅग उपडी करा!" घरमालकीण मॉरीन टोवी काठी आपटत ओरडली.

बॅग केव्हाच उपडी झाली होती. पलंगावर दोन स्वेटर, एक टॉवेल, काळ्या पावाचा पुडा आणि ब्रिस्टलचा नकाशा पडला होता. निळी सुरई मात्र त्यात नव्हती.

खिडकीपाशी एक उंच, फिकट केसांची बाई हाताची घडी घालून उभी होती. कैसू रांताला फिनलंडहून दोन दिवसांसाठी एकटीच आली होती. पाचच्या गाडीने तिला परत जायचं होतं. आल्यापासून ती कुणाशी फारसं बोलली नव्हती, आणि आमच्या गावाला न बोलणारी माणसं मुळीच खपत नाहीत.

दारात हेस्टर ब्रिंबल येऊन उभी राहिली. ही खाजगी गुप्तहेर ब्रिस्टलच्या टॉटरडाउन भागातल्या याच चढावर, चार घरं खाली राहायची. तिच्यामागून धापा टाकत आला वॉल्टर गेज, भूगोलाचा निवृत्त मास्तर. तो हेस्टरची छत्री सांभाळायचा आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, दोन्ही कामं अगदी मनापासून.

"काय गेलं?" हेस्टरने विचारलं.

"माझ्या सासूबाईंची सुरई. जुनी, ब्रिस्टलच्या निळ्या काचेची. सकाळी दिवाणखान्याच्या कपाटात होती, दुपारी नाही. आणि ही बया सकाळपासून बाहेर! आली ती केसांतून पाणी गाळत, थेट माझ्या गालिच्यावर."

"तुम्ही कुठे होतात?"

"मी कुठे जाणार? खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून उंबरा ओलांडला नाही मी. मागे स्वयंपाकघरात होते."

मॉरीनचा दीर क्लाइव्ह पुढे झाला. तो बुटका, गोरा माणूस बंदरात नांगरलेल्या होडीवर राहायचा.

"मी तळघरात बॉयलर दुरुस्त करत होतो," तो म्हणाला. "पण विचारायचं काय त्यात? ही बाई पहिल्यापासून उद्धट. काल आम्ही एकाच बसमधून उतरलो. ड्रायव्हरकडे हिने बघितलंसुद्धा नाही, एक शब्द नाही! शरमेनं मीच दोनदा आभार मानले."

"बसवरून माणसाची पारख करतात इथं," कोपऱ्यातून पेटिफर म्हणाला. हा लंडनचा भाडेकरू महिन्याभरापूर्वी वरच्या खोलीत आला होता. "उतरायला जन्म जातो. एकच दार, आणि जो तो ड्रायव्हरशी लाडीगोडी करत बसतो. आमच्या लंडनला मागच्या दाराने उतरायचं आणि चालायला लागायचं."

"मग जा ना लंडनला," मॉरीन म्हणाली.

"सकाळी कुठे होतात, पेटिफर?"

"झोपलो होतो. साक्षीला उशी आहे."

हेस्टर कैसूकडे वळली. "तू?"

"चालत होते. झुलत्या पुलापर्यंत गेले, परत आले."

"बरोबर कोण होतं?"

"मी एकटी फिरते. म्हणून तर आले."

"बघा!" क्लाइव्ह म्हणाला. "अहो, हिचा पिवळा रेनकोट खाली खुंटीवर निथळतोय. असा रेनकोट गावात दुसरा नाही. बसच्या ड्रायव्हरला विचारा, त्याने नक्की पाहिलं असेल."

"मी तो नेलाच नव्हता," कैसू म्हणाली. "निघाले तेव्हा ऊन होतं."

"मग तो आपोआप भिजला काय?"

कैसूने त्याच्याकडे पाठ फिरवली. ती हेस्टरला म्हणाली, "मी बालवाडीत शिकवते. चोरीची तक्रार नोंदली गेली, तर मला पुन्हा मुलांसमोर उभं राहू देणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही." आवाज शांत होता.

"रडून दाखवत नाही, म्हणजे निगरगट्टच," मॉरीन पुटपुटली.

चढाच्या टोकाला बस थोडा वेळ थांबते. हेस्टर आणि वॉल्टरने तिथे ड्रायव्हरला गाठलं.

"पिवळा रेनकोट? हो, पाहिला की," तो सँडविच चावत म्हणाला. "टोपी नाकापर्यंत ओढलेली, पोटाशी कापडी पिशवी. बाई बंदराच्या थांब्यावर उतरली."

"काही बोलली?"

"उतरताना इथं सगळे आभार मानतात तेच. 'चिअर्स, ड्राइव्ह.' घसा बसला होता बिचारीचा. मी म्हटलं, सांभाळून जा."

"संपलं!" परत येताना वॉल्टर म्हणाला. "ड्रायव्हरने पाहिलं, रेनकोट ओला आहे. आता काय उरलं?"

"उरली ती बस," हेस्टर म्हणाली. "वॉल्टर, तुला चाळीस वर्षं नकाशे दिसले, माणसं दिसलीच नाहीत."

घरी येऊन तिने फर्मान सोडलं. "पोलीस चौकीत जाऊन जबाब देऊ. मॉरीन, तुम्ही घरीच थांबा. बाकीचे चला, बसनं."

क्लाइव्ह सगळ्यांत आधी तयार झाला. बसमध्ये चौघेजण कैसूपासून दूर बसले. तिच्या शेजारची जागा गर्दी असूनही रिकामी राहिली. हेस्टर मात्र त्याच मघाच्या ड्रायव्हरच्या कानाशी लागून काहीतरी बोलून आली.

चौकीजवळचा, रेल्वे स्टेशनचा थांबा आला. पेटिफर खिशात हात घालून मुकाट उतरला. कैसू बॅग घेऊन मुकाट उतरली. वॉल्टर "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणाला. त्याच्या मागून क्लाइव्हही तेच म्हणाला, आपल्या बसक्या आवाजात.

"बाई," ड्रायव्हरने हेस्टरला हाक मारली. "घसा हाच होता."

क्लाइव्ह जागच्या जागी थिजला.

"काय चाललंय?" वॉल्टर गोंधळला.

"रेनकोट बसमधून गेला हे खरं," फुटपाथवर हेस्टर म्हणाली. "पण आत कोण होतं? कैसू भिजून आली, केसांतून पाणी गळत. टोपीचा रेनकोट घातला असता तर केस कोरडे राहिले असते. म्हणजे भिजलेल्या रेनकोटात दुसरंच कुणीतरी होतं. उतरताना त्या माणसाने ड्रायव्हरचे आभार मानले. कैसू मानत नाही. पेटिफरच्या गावात ती रीतच नाही. मॉरीन उंबरा ओलांडत नाही. मग घरात उरलं कोण? तोंड लपवलंस, क्लाइव्ह, पण जीभ इथलीच राहिली. आणि कैसू आभार मानत नाही ही साक्ष तूच दिलीस."

"सगळं गाव तेच म्हणतं!" क्लाइव्ह ओरडला.

"सगळं गाव बंदराच्या थांब्यावर तुझ्या होडीपाशी नाही उतरत. दाखव होडी."

क्लाइव्हचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या आईची सुरई आहे ती! वहिनी त्यात प्लास्टिकची फुलं ठेवते. प्लास्टिकची! मागून मागून थकलो."

"मग भांडायचं होतंस वहिनीशी. चोरी हिच्या गळ्यात का घातलीस?"

"ही काय, जाणारच होती. हिच्या बाजूने भांडायला होतं कोण?"

वॉल्टरने कैसूकडे बघायचं टाळलं.

हेस्टरने मॉरीनला फोन लावला. सगळं ऐकून पलीकडून मॉरीन म्हणाली, "होय का? पण गालिचा तिनेच भिजवला." माफीचा शब्द काढला नाही.

कैसूने बॅग उचलली. पाचची गाडी फलाटाला लागली होती.

"अहो," वॉल्टरला राहवलं नाही, "हेस्टरने तुम्हाला वाचवलं. निदान थँक्यू तरी म्हणा!"

कैसू थांबली. "मी चोर नाही हे मला सकाळपासून माहीत होतं. तुम्हाला आत्ता कळलं. आभार कुणी कुणाचे मानायचे?"

ती वळली आणि मागे न बघता आत गेली.

"बघितलंस, किती उद्धट!" वॉल्टर म्हणाला, पण हेस्टरने अशा नजरेने पाहिलं की तो पुढचं गिळून बसला.

परतीच्या बसमध्ये तो हेस्टरची छत्री मांडीवर घेऊन बसला. घराच्या थांब्यावर, ड्रायव्हरसमोर, सवयीने त्याचं तोंड उघडलं. कैसूला ज्यांवरून उद्धट ठरवलं होतं ते आभाराचे शब्द जिभेवर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांची लाज वाटली. मागे रांग खोळंबली होती. शेवटी तो म्हणालाच, कारण या गावात त्याला राहायचं होतं.