गुलाबरावांचा चष्मा

मोताळ्याला जायचं कारण साधं होतं. गुलाबरावांचा चष्मा परत द्यायचा होता. बायपासच्या दिवशी टेबलावर घेताना त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. मी वडनेर भोलजीचा, म्हणजे त्यांच्याकडचाच माणूस. चष्मा माझ्या खिशात राहून गेला, तो तीन आठवड्यांनी सापडला. गुलाबराव जाऊनही तीनच आठवडे झाले होते.

मी परफ्युजनिस्ट आहे. सर्जन हृदय थांबवून त्यावर काम करतात, तेवढा वेळ माझं मशीन माणसाचं रक्त फिरवतं. अंग आधी गार करतो, मग पुन्हा ऊब देतो. हृदय आपलं आपण चालू लागलं की मशीन बंद. गुलाबरावांचं तीनदा प्रयत्न करूनही चाललं नाही. पावणेदोनला सर्जन म्हणाले, बंद कर. अजून दहा मिनिटं बघू, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. भूक लागली होती. मशीन बंद केलं आणि जेवायला गेलो. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

त्यांच्या पत्नी केसरबाईंनी जय भीम केला, पाणी दिलं. मी दवाखान्यात कामाला आहे, एवढंच सांगितलं. मे महिन्याची दुपार, वर तापलेले पत्रे. तरी घरात गारवा होता, आणि आमच्या ऑपरेशन थिएटरचा वास. मी कूलर शोधला. नव्हता.

ऑपरेशनला मुलगा गेला होता, गुडघ्यांमुळे त्या घरीच राहिल्या होत्या. चष्मा पदरानं पुसत त्या हळू बोलू लागल्या.

"त्या दिवशी बारा वाजता हे घरी आले न, बाबू. थंडी वाजून राह्यली म्हने. मी गोधडी देल्ली. खाटेवर बसले... म्हने, त्या मशीनवाल्याले सांग, घाई नको करू म्हना. मी निंगतोच वापस."

"मग?"

"मी कोनाले सांगू? पावनेदोन वाजले, अन् बोलता बोलता गप झाले..."

मशीन कोण चालवतं ते मला ठाऊक नाही, असं मी म्हणालो.

केसरबाई उठल्या. आतल्या खोलीत रिकाम्या खाटेवर गोधडी घडी करून ठेवली होती. तिच्याजवळ चष्मा ठेवून त्यांनी हलकेच विचारलं, "हेच हायेत का हो ते?"

मला काही ऐकू आलं नाही. केसरबाईंनी मात्र ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या.

"बसा, बाबू. ते म्हनते, आता घाई नका करू."