विंगेतले विज्ञानाचे सर

स्टेजवर म्हातारी अखेरचे श्वास मोजत होती, तेवढ्यात एक उंच गृहस्थ मोजमापाची टेप घेऊन तिची खाट ओलांडून गेला.

"सत्तावीस फूट," तो स्वतःशीच पुटपुटला. "चाळीस बाक बसतील."

म्हातारी, म्हणजे नववीतली संस्कृती, मरता मरता फिदीफिदी हसू लागली. नाटक बसवणारी अक्षता तडक उठली. कात्रजच्या त्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर स्वखुशीने घसा बसवून घ्यायची.

"अहो, इथे माणूस मरतोय."

"मरू द्या, मॅडम. माझं माप झालंय."

हे विज्ञानाचे नवे सर, बुद्धभूषण. दहावीच्या जादा तासांसाठी त्यांना हाच हॉल हवा होता. मुख्याध्यापिकाबाईंनी न्याय दिला होता: आंतरशालेय स्पर्धेत नाटक अंतिम फेरीत गेलं तर हॉल नाटकाला, नाहीतर बाक. दोघेही सारखेच नाराज, म्हणजे न्याय चोख.

"मग तोवर प्रॉम्प्टिंग करा." अक्षताने त्याच्या हातात संहिता कोंबली. "विंगेत उभं राहायचं, कुणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचं. शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा."

शत्रू रोज साडेचारला हजर राहू लागला. अडचण एकच – त्याला शांतता सोसायची नाही. संस्कृती जरा थांबली की विंगेतून पुढचं वाक्य आलंच.

"सर, तो पॉज आहे!"

"मला वाटलं, विसरली. किती सेकंदांचा?"

"पॉज मोजत नाहीत हो."

"मग कळणार कसं?"

"डोळ्यांत बघायचं."

त्याने बघितलं... पण संस्कृतीच्या नव्हे. अक्षताने घाईघाईने संहितेचं पान उलटलं. ते आधीच उलटलेलं होतं.

महिनाभरात सर गप्प राहायला शिकले. तालीम संपली की त्यांच्या स्कूटरवरून अक्षता स्वारगेटपर्यंत जायची. सिग्नल सुटू नये असं वाटणारी अख्ख्या पुण्यात तीच एकटी असावी.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात संस्कृतीने नाटकातल्या सुनेकडे पाहिलं आणि ती थांबली. पाच सेकंद... दहा. प्रेक्षकांत बसलेल्या अक्षताने पोरीची बोटं पाहिली, पदराशी चाळा करणारी. वाक्य गेलं होतं! आणि विंगेत बुद्धभूषण, तल्लीन, गप्प. वीस सेकंदांनी सुनेनेच काहीतरी बोलून सासूचं मरण उरकलं. पडदा.

संध्याकाळी अंतिम फेरीची यादी लागली. त्यात शाळेचं नाव नव्हतं.

पार्किंगमध्ये अक्षताने त्याला गाठलं. "छान झालं. लावा आता बाक."

"मला पॉज वाटला, मॅडम. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हटलं, काय काम करतेय पोरगी!"

"घाबरली होती ती! आणि तुम्हाला हॉल हवाच होता."

त्याचा चेहरा उतरला. त्याने मोबाइल पुढे केला. मुख्याध्यापिकाबाईंना पाठवलेला मेसेज, पंधरा दिवसांपूर्वीचा: 'निकाल काहीही लागो, हॉल नाटकालाच असावा. जादा तास मी प्रयोगशाळेत घेईन.' खाली बाईंचं 'ठीक'.

अक्षताने तो दोनदा वाचला. "हे... बोलला का नाहीत?"

"हॉल मिळालाय कळलं असतं तर पोरं ढिली पडली असती."

"आणि हॉल सोडला कशासाठी?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "तालमी बंद पडल्या असत्या, तर साडेचारला मी तुमच्याकडे काय सांगून आलो असतो?"

राग कुठे गेला ते अक्षताने मनात शोधून पाहिलं. सापडला नाही.

"काहीतरी सांगावंच लागतं होय?"

"लागतं ना. तुम्ही मला आवडता... हे कारण रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही."

तिने मान खाली घातली, पण हसू लपलं नाही.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली.

"हो. शाळा बंद."

"तालीमही नाही."

"नाही ना." त्याचा आवाज बारीक झाला.

"मग कारण न सांगता या. चहाला. आणि ते 'मॅडम' शाळेतच ठेवून या... बुद्धभूषण."