कडेला सोडलेली जागा

व्हीसीआर माझ्या हातात देताना दुरुस्तीवाल्या काकांनी दोनच गोष्टी बजावल्या. मशीन आठवड्याच्या आत परत हवं, आणि ती कॅसेट फार चालवायची नाही. "फीत अगदी कुरकुरीत झालीय, पोरी. दोनदा चालेल. तिसऱ्यांदा माझा भरवसा नाही."

दोनदा पुरे होतं. पहिल्यांदा चित्र नीट लावून बघायचं, दुसऱ्यांदा समोर मोबाइल उभा करून रेकॉर्ड करून घ्यायचं. मी जात्याच भित्री. दाराची बेल वाजली तरी हातातला कप हिंदकळतो. बाबा उगाच नाही मला ससुली म्हणत. त्यामुळे हे काम मी भर दुपारी, पडदे सताड उघडे ठेवून करायचं ठरवलं.

कॅसेटवर माझ्या आईचा आवाज होता. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा समारंभांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. परक्यांचे वाढदिवस त्यांनी तासन्‌तास टिपले आणि स्वतःच्या बायकोचं जेमतेम अर्धं मिनिट, तेही नवा कॅमेरा तपासताना. आई टेबलाशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालते आहे. मध्येच डावीकडे मान वळवते आणि हसून म्हणते, "ये ना गं. आत ये. अशी दारात काय उभी राहतेस?"

बस्स, एवढंच. लहानपणी आमच्या पेटीसारख्या टीव्हीवर मी ते शेकडो वेळा पाहिलं. बाबा सांगायचे, तुलाच बोलावतेय, बुजरी होतीस ना, चित्रात यायचीच नाहीस. पुढे परीक्षेच्या हॉलबाहेर, मुलाखतीच्या खोलीबाहेर पाय जड झाले, की मी ते वाक्य मनात लावायचे. आत ये. मग पाऊल उचलायचं.

नव्या टीव्हीने माझी अर्धी भिंत खाल्ली आहे. कॅसेट सुरू झाली. चित्र ताणलेलं दिसत होतं, म्हणून रिमोटवर खटपट करत मी 'पूर्ण चित्र' निवडलं. आई आक्रसली आणि चारी बाजूंनी थोडी थोडी खोली उघडी पडली. जी मी कधीच पाहिली नव्हती.

उजव्या कडेला, टेबलाखाली, लाल फ्रॉकमधली एक मुलगी अंगठा तोंडात घालून गाढ झोपली होती.

ती मी होते.

आईने डावीकडे मान वळवली. डाव्या कडेला दाराची चौकट होती. चौकटीवर चार बोटं. मोठ्या बाईची, आईच्या खांद्याच्या उंचीवर. बोटांमागे ओल्या केसांची एक बट. बाकी सगळं चित्राबाहेर.

"ये ना गं. आत ये..."

मी कॅसेट थांबवली. टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून आईचा आवाज इतका स्वच्छ आला होता, की जणू ती माझ्याच खोलीत बोलली.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगू लागले, की जुने टीव्ही चित्राच्या कडा खायचे, म्हणून शूटिंग करताना चहूबाजूंनी थोडी जागा सोडायची, असा धंद्यातला नियमच होता. त्या जागेत काय येतंय, याकडे कोणी बघत नसे. त्या दिवशी घरात ते, आई आणि झोपलेली मी, एवढेच होतो. आई कोणाशी बोलली, हे त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अहो, रोज येते बिचारी, दारातच थांबते. आज बोलावलं.

"त्याच आठवड्यात तुझी आई गेली," बाबा म्हणाले. "ससुली... ती कॅसेट पुन्हा लावू नकोस."

मी बरं म्हटलं. बाबांनी निघतोच म्हणून फोन ठेवला.

पण काका म्हणाले होते, दोनदा. एकच खेप उरली होती, आणि आवाज अजून माझ्याकडे आला नव्हता. तो मला बोलावत नव्हता, हे कळूनही मला तो हवा होता. आईचा दुसरा आवाज कुठून आणू? मी मोबाइल उभा केला, फीत मागे नेली आणि बटण दाबलं.

घड्या. लाल फ्रॉक. आईने मान वळवली. "ये ना गं. आत ये. अशी दारात काय उभी राहतेस?"

चौकट रिकामी होती.

बोटं नव्हती, बट नव्हती. नुसतं लाकूड आणि त्यावर चार ओले ठसे. मग मशीनमध्ये कर्रकन आवाज झाला आणि फीत तुटली.

बाबा तासाभरात आले. मी रडत रडत सांगितलं, की आता कडेला कोणीच नाही, बघा, मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालंय, कोणी नाही. त्यांनी मोबाइल हातात घेतलाच नाही. दारातून ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर माझ्या डावीकडे.

मग हळूच आत आले आणि सोफ्यावर बसले. पण मला चिकटून नाही. आमच्या दोघांमध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली.